चिमणी, चांदणे आणि सलीम अली

गेल्या रमजानमध्ये चौदाव्या रात्री तरावीहची नमाज आटोपून आम्ही चौघे अलिबागजवळच्या किहीमला गेलो. मी, आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. घरच्यांना वाटले, उद्या सुट्टी आहे म्हणून मंडळी समुद्रावर गप्पा मारायला निघाली. खरे कारण सांगायला मलाच जरा संकोच वाटत होता. आम्ही रात्री पक्षी ऐकायला निघालो होतो.

पक्षी पाहायचे तर पहाटे उठावे, दुर्बीण गळ्यात अडकवावी, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री दुर्बिणीचा उपयोग नसतो. रात्री कान लागतात, आणि थांबण्याची तयारी लागते. वाडीच्या कडेला एका बांधावर आम्ही बसलो. चंद्र डोक्यावर आला होता, नारळीच्या झावळ्यांच्या सावल्या मातीवर स्पष्ट पडल्या होत्या. पहिला अर्धा तास समुद्राची गाज आणि कुत्र्यांचे भुंकणे याखेरीज काही नाही. मग शेताकडून टिटवी ओरडत गेली. टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असे दोन्ही मुलांनी आपापल्या घरी ऐकलेले होते. एक मुलगा मुसलमान, दुसरा आगरी, पण समजूत एकच. जमिनीवर अंडी घालणारा पक्षी रात्री कोल्हा-मुंगसाच्या चाहुलीने ओरडणारच, हे सहकाऱ्यांनी समजावून सांगितले.

त्यानंतर रातवा सुरू झाला. फरशीवर गोटी सोडली की ती आधी सावकाश आणि मग भराभर उड्या घेत थांबते ना, थेट तसा आवाज. रातवा दिवसा पाचोळ्यात पाचोळ्यासारखा होऊन बसतो, पाय पडेपर्यंत दिसत नाही. रात्री तो उडते किडे डोळ्यांनी पाहून पकडतो, त्यामुळे अंधाऱ्या रात्री त्याचे काम तिन्हीसांजेला आणि उजाडण्याआधी चालते. चांदणे असले की त्याला रात्रभर उजेड मिळतो. म्हणून चांदण्या रात्री तो जास्त हिंडतो आणि जास्त बोलतो. मुलांना हे ऐकून गंमत वाटली की चौदाव्या रात्रीची वाट पाहणारे आपणच एकटे नाही.

आणि शेवटी, दीड वाजून गेल्यावर, लांबच्या आंब्यावरून पावशा बोलला. चढत चढत जाणारा तो आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. मराठी शेतकऱ्याला तो पेरते व्हा म्हणतो. माझी दादी मराठवाड्यातली, घरात दखनी बोलणारी. तिला तो पी कहाँ विचारायचा, म्हणजे माझा जिवलग कुठे आहे. इंग्रज साहेबाला उन्हाळ्याच्या रात्री झोप लागेना तेव्हा त्याला त्यात मेंदूच्या तापाचे नाव ऐकू आले. पक्षी एकच, ओरडणे एकच. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला याचे नवल जरा अधिक वाटते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा 10-11 दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. मी शाळकरी पोर असताना दादीने सहरीला उठवून अंगणात उभे केले आणि हा आवाज ऐकवला, तोही असाच फाल्गुनाच्या सुमाराचा रमजान होता. एक फेरा पुरा झाला.

किहीमच का, तर या गावात 1930 साली एक बेकार माणूस आपल्या बायकोसह येऊन राहिला होता. डॉ. सलीम अली. त्यांच्याविषयी या पानावर लिहायचे मी त्याच रात्री ठरवले. परवा आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना हे सांगितले, तर ते थोडे गंभीर झाले. रमजानच्या पानावर औलिया, हाफिज, दानशूर माणसे यावीत. सलीम अली नमाजी होते का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर देऊनच पुढे जायला हवे आणि ते मी देणार आहे, पण क्रमाने.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा. (हे नाव पक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या हजरत सुलेमान यांच्यावरून आलेले नाही, सुलेमान बिन हसन या दाईंवरून आलेले आहे, पण योगायोग मनात राहतोच.) भावंडांत सलीम सगळ्यांत धाकटा. तो वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई जीनत-उन-निसा गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. त्यांनी गिरगावातल्या खेतवाडीतल्या आपल्या घरात या यतीम भावंडांना वाढवले. यतीमाच्या डोक्यावर हात ठेवण्याचे पुण्य आपण रमजानमध्ये अनेक वाजांतून ऐकतो. अमीरुद्दीन मामांनी ते केले, आणि त्याचा फायदा पुढे साऱ्या देशाला झाला. काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी आणि गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजी हे याच घराण्यातले.

मामा शिकारी होते. त्यांनी पोराला हवाबंदूक दिली आणि पोरगा चिमण्या मारत सुटला. आज पक्षिप्रेमी म्हटला की आपल्यासमोर दाणे टाकणारा हळवा माणूस येतो. सलीम तसा नव्हता आणि पुढेही झाला नाही. नऊ-दहा वर्षांच्या वयात त्याने पागेतल्या एका घरट्यावर पहारा करणारा चिमणा टिपला. मादी आत अंड्यांवर होती. थोड्या वेळात तिच्याकडे दुसरा नर आला, तोही टिपला. सात दिवसांत आठ नर गेले आणि दरवेळी नवा नर जागेवर हजर झाला. क्रूर खेळ होता. पण पोराने तो नोंदवून ठेवला, आणि ती नोंद सुमारे साठ वर्षांनी छापली गेली, तेव्हाही अभ्यासकांना ती कामाची वाटली.

त्यानंतरची चिमणी प्रसिद्ध आहे. एक दिवस मारलेला पक्षी हलाल करायला उचलला तर त्याच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. साधी चिमणी अशी नसते. मग ही खायला जायज आहे का? मुसलमान घरातल्या पोराला पडणारा अगदी साधा प्रश्न. खात्री नाही तर खाऊ नये, एवढी शिस्त घरात होती. त्याने चिमणी मामांपुढे ठेवली. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या मोजक्या हिंदी सभासदांपैकी एक होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली.

1883 साली स्थापन झालेल्या या सोसायटीचे कार्यालय तेव्हा अपोलो स्ट्रीटवर फिप्सन कंपनीच्या जागेत होते, आणि फिप्सन कंपनीचा धंदा दारूचा. म्हणजे एक बोहरा मुलगा कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन, ती हलाल की हराम हे ठरवण्यासाठी दारूच्या पेढीत शिरला. हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हमखास हसतात. मुलाने त्याआधी गोऱ्या माणसाशी जवळून बोलल्याचा प्रसंग फारसा आलेला नव्हता, तो घाबरलेला होता. मिलार्ड यांनी त्याला आत घेतले. पक्षी पीतकंठी चिमणीचा आहे हे त्यांनी सांगितले, मग एकामागून एक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी टिकवण्याची विद्या शिकण्याची सोय करून दिली. हलाल-हरामचा प्रश्न तिथेच मागे पडला. हा पक्षी कोण, तो कुठे राहतो, काय खातो, हे प्रश्न त्याच्या जागी आले.

शाळेत सलीम यथातथाच होता. डोकेदुखीने शाळा अधूनमधून सुटायची. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातलगांकडे पाठवले. 1913 साली कसाबसा मॅट्रिक झाला. गणिताचा धसका घेऊन कॉलेज सोडले आणि ब्रह्मदेशात तवॉयला गेला. तिथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. भोवती घनदाट जंगल, त्यामुळे धंद्यापेक्षा पक्ष्यांकडे लक्ष जास्त. 1917 मध्ये तो परतला. दावर कॉलेजात व्यापाराचे शिक्षण घ्यायचे असे ठरले, पण सेंट झेवियर्सचे फादर ब्लाटर यांनी त्याचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राचे वर्गही करायला लावले. तरीही हाती विद्यापीठाची पदवी नव्हती. 1918 च्या डिसेंबरात नात्यातल्याच तेहमिना यांच्याशी निकाह झाला.

पदवी नसणे त्यांना आयुष्यात चांगलेच नडले. झूऑलॉजिकल सर्व्हेमध्ये पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, ती या कारणाने हुकली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना 350 रुपयांवर नेमणूक झाली. लोकांना काचेच्या कपाटांतले प्राणी समजावून सांगायचे काम. दोन वर्षांत ते त्याला कंटाळले आणि रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. ब्रह्मदेशातून एका साहेबाने गोळा केलेल्या पक्ष्यांवर ते तिथे काम करत होते, आणि त्यात हिंदी माणूस कशाला, अशी एका इंग्रज तज्ज्ञाची कुरकुर चालू होती. स्ट्रेसेमान यांनी मात्र त्यांना शिष्य म्हणून वागवले. सलीम अली जन्मभर त्यांनाच आपले गुरू मानत राहिले.

जर्मनीतच ते हेलगोलँडच्या पक्षिनिरीक्षण केंद्रात पक्ष्यांच्या पायात कडी चढवायला शिकले. उत्तर समुद्रातले हे छोटे बेट पक्षिशास्त्रात दीपगृहासाठी प्रसिद्ध आहे. लहान लहान स्थलांतरित पक्षी रात्रीच प्रवास करतात. रात्री हवा शांत आणि गार असते, ससाण्यांची भीती कमी असते, आणि दिवसा उतरून पोट भरता येते. काळोख्या, ढगाळ रात्री हे थवे दीपगृहाच्या उजेडाभोवती हजारोंनी घिरट्या घालत. चंद्र असला की दिव्याची ओढ कमी होई आणि थवे वरच्या वर निघून जात. पुढे अमेरिकेत काही अभ्यासकांनी पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बीण रोखून, चंद्रबिंबावरून सरकणाऱ्या पक्ष्यांच्या सावल्या मोजून स्थलांतराचा अंदाज घेण्याची पद्धत काढली. चांद पाहायला गच्चीवर जमणाऱ्या आपल्या पोरांना एखाद्या पौर्णिमेला हेही करायला सांगावे, असे मला फार वाटते.

1930 मध्ये ते परतले तर म्युझियमची नोकरी गेलेली. पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द झाली होती. जर्मनीत शिकून आलेला तिशीतला माणूस, शिक्षण असे की त्या काळात हिंदुस्थानात त्याला कोणी विचारत नव्हते. मुंबईत भाडे भरणे जड, म्हणून दोघे किहीमच्या घरी राहायला गेले.

आणि तिथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत जवळच भरली. दुसरा कोणी अर्ज खरडत बसला असता. सलीम अलींनी शिडी उभी केली, तिच्यावर कापडाचा आडोसा बांधला आणि घरट्यांच्या उंचीवर तासन् तास बसून राहिले. सुगरणीचे घरटे आपण सर्वांनी पाहिलेले, बहिणाबाईंमुळे मराठी माणसाच्या मनात तर ते घर करून आहे. पण ते बांधतो नर, आणि अर्धेच बांधतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते, नर उरलेले घरटे पूर्ण करतो, नळी जोडतो. आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारी दुसरे घर बांधायला घेतात, दुसरीसाठी. मग तिसरीसाठी. न आवडलेली अर्धी घरटी तशीच लटकत राहतात. इतक्या ओळखीच्या पक्ष्याचा हा संसार तोवर कोणी नीट पाहिलेलाच नव्हता. हा निबंध 1931 मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि सलीम अलींचे नाव जगात गेले. बेकारीच्या एका पावसाळ्यातली ही कमाई.

पुढची पद्धत त्यांनी अशी काढली की संस्थानिकांना पत्रे लिहायची. आपल्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, मोबदला नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. निजामाच्या हैदराबादने आधी होकार दिला. 1931-32 ची ही पाहणी. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणून आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तिच्याबद्दल जरा जवळीक वाटते. मग त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, कच्छ. बैलगाडीत तंबू, पेट्या, बंदूक, कातडी सुकवायचे सामान, आणि बरोबर तेहमिना. सुखवस्तू घरात वाढलेली ती बाई रानातल्या तंबूत संसार करत होती. नवऱ्याचे इंग्रजी सफाईदार होण्यातही तिचा वाटा मोठा होता.

1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली चाळिशीत होते, आणि त्यांनी पुन्हा निकाह केला नाही. डेहराडूनचे बिऱ्हाड मोडून ते मुंबईत पाली हिलला बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. आयुष्यातल्या या भागाविषयी त्यांनी फार लिहिले नाही. लगेच 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, ज्याने आपल्या देशातल्या सामान्य माणसाला पहिल्यांदा पक्ष्यांची ओळख पटवायला शिकवले. मी त्याच्या जुन्या प्रती मुंबईच्या पदपथावर दोनदा विकत घेतल्या आणि दोन्ही वेळा कोणीतरी वाचायला नेऊन परत केल्या नाहीत.

आता बुजुर्गांच्या प्रश्नाकडे येतो. सलीम अली नमाजी नव्हते. आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेले नाही. घरातल्या काही वडीलधाऱ्यांची धार्मिकता त्यांना लहानपणी दिखाऊ वाटली, आणि त्या दिखाव्याच्या तिटकाऱ्याने ते नमाज-रोजापासून दूर गेले. मला यात आनंद वाटतो असे नाही. मी स्वतः रोजे ठेवतो, हे वाक्य लिहितानाही ठेवलेला आहे. पण ज्या मुलाने मनाला न पटलेली गोष्ट देखाव्यापुरती केली नाही, त्याच मुलाने पुढे न पाहिलेली गोष्ट कधी पाहिली म्हणून लिहिली नाही. त्यांच्या वहीत अंदाजाला अंदाज म्हटलेले आहे. हिसाब करायला अल्लाह समर्थ आहे. आमच्या मोहल्ल्यात तो आपण उरकून टाकू नये, एवढेच मी त्या बुजुर्गांना म्हणालो. ते हसले. पटले की नाही, हे कळले नाही.

याउलट एका इंग्रज कर्नलाची गोष्ट पाहा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे त्या काळचे नावाजलेले पक्षितज्ज्ञ 1937 मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेत सलीम अलींच्या सोबत होते आणि आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी वाईटसाईट लिहून गेले. सलीम अलींनी ती रोजनिशी पुढे वाचली आणि तो मजकूर स्वतःच्या आत्मचरित्रात गमतीने छापून टाकला. त्या कर्नलाने संग्रहालयांतून पक्षी चोरून त्यांवर खोटी ठिकाणे घातली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी सिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशावाचून बंद पडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना लिहून तिला मदत मिळवून दिली. भरतपूरचे तळे त्यांनीच नेहरूंच्या मदतीने वाचवले. तिथे 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले होते, आणि स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करा अशी मागणी होती. 1950 मध्ये स्वीडनमधल्या उप्पसाला इथे पक्षितज्ज्ञांची परिषद होती, तिथे हे चोपन्नाव्या वर्षी स्वतःच्या सनबीम मोटारसायकलवर हजर झाले. मोटारसायकल बोटीने युरोपात नेली होती, पण गडी हिंदुस्थानातून गाडी चालवत आला अशी वावडी उठली. डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात निघाला. त्याच्या नावात भारत आणि पाकिस्तान शेजारी शेजारी आहेत. मधल्या काळात एक युद्धही झाले होते.

भरतपूरच्या कडी चढवण्याच्या कामाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ते मुख्यतः रात्रीचे काम. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एका तापाने मरू लागली. त्या विषाणूसारखाच विषाणू रशियात होता, तेव्हा तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला की काय, अशी शंका आली. पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे शोधायला जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली. पण पक्षी जिवंत, पिसालाही धक्का न लावता पकडणार कोण? सलीम अलींनी बिहारमधून मीरशिकार बोलावले. पिढ्यान् पिढ्या पाखरे पकडून विकणारी ही गरीब मुसलमान जमात. चिखलात उभे राहून पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करावी, पाणथळीत जाळे कुठे लावावे, हे त्यांना जेवढे कळत होते तेवढे विद्यापीठात कोणाला कळत नव्हते. बारीक धाग्याचे जाळे चांदण्यात चमकते आणि पक्षी ते टाळतात, म्हणून हे लोक काळोखाच्या रात्री निवडत; आमच्या हिशेबाच्या नेमके उलटे. पकडलेल्या पक्ष्याच्या पायात मुंबईचे नाव कोरलेले कडे चढवून त्याला सोडून देत. त्यातली काही कडी सैबेरियातून पत्रांनी परत आली. ज्यांनी पाखरांवर पोट भरले त्यांच्या हातून पाखरे मोजून घेतली, ही गोष्ट त्यांच्या सगळ्या पदकांपेक्षा मला मोठी वाटते. आणि पदके कमी नव्हती: 1958 ला पद्मभूषण, 1976 ला पद्मविभूषण, त्याच सुमारास 50,000 डॉलरचे गेटी पारितोषिक, जे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकले. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक.

रात्रीच्या दोन प्राण्यांचे त्यांच्याशी वेगळे नाते आहे. पहिला प्राणी पक्षी नाहीच. 1948 मध्ये तामिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांना एक वटवाघूळ मिळाले. सोसायटीच्या संग्रहात ते भलत्याच जातीच्या नावाखाली वीस-बावीस वर्षे पडून राहिले. थायलंडचे संशोधक किट्टी थाँगलाँग्या यांनी ते तपासले तेव्हा कळले की हे जगात कुठेच नोंदलेले नाही. 1972 मध्ये त्यांनी त्याला सलीम अलींचे नाव दिले. फळे खाणाऱ्या, रात्रीच उडणाऱ्या एका वटवाघळाला.

दुसरा जेर्डनचा धाविक. 1848 च्या सुमारास जेर्डन यांनी नोंदवलेला हा पक्षी 1900 नंतर कोणाला दिसला नव्हता. सोसायटीच्या लोकांनी आंध्रात त्याचा शोध घेतला, पण दिवसा. त्याचे भाऊबंद दिवसा माळावर धावतात, म्हणून हाही तसाच असेल अशी समजूत. आसपासच्या गावांत मात्र काही माणसांना तो ठाऊक होता. जानेवारी 1986 मध्ये कडप्पा जिल्ह्यात सोसायटीचे तरुण संशोधक भारत भूषण काम करत असताना ऐतण्णा नावाच्या स्थानिक माणसाने रात्री बॅटरीच्या उजेडात एक धाविक हाताने पकडून आणला. पक्षी निशाचर होता. 86 वर्षे तो तिथेच होता, शोधणारे तेवढे उजेडी जात होते. बातमी मुंबईला पोहोचली तेव्हा सलीम अली 89 वर्षांचे होते. धाविकाच्या त्या झुडपी रानाचे पुढे अभयारण्य झाले. त्याचा आवाज ओळखायला मात्र या शतकाची सुरुवात उजाडली. तो संध्याकाळी, अंधार पडता पडता थोडा वेळ बोलतो आणि गप्प होतो.

20 जून 1987 रोजी सलीम अली मुंबईत वारले. वय 90. जून म्हणजे पावशाचे दिवस.

किहीमला आम्ही साडेतीनपर्यंत बसलो. सहरीचा डबा बरोबर होता, उसळ-भाकरी आणि खजूर. आगरी मुलाने आमच्याबरोबरच खाल्ले. जवळच्या गावातल्या मशिदीची अजान व्हायला अजून वेळ होता, चंद्र समुद्राकडे कलला होता. रातवा थांबला, आणि वाडीतल्या आंब्यावर दयाळाने शीळ घातली. मुलाने वही काढली, वेळ लिहिली, आणि पक्ष्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केले. पक्षी दिसला नव्हता, फक्त ऐकला होता.